ओवीचा पान नंबर

प्राध्यापक बद्रीनाथ तुपे यांनी पुण्याच्या ‘शोधवैजयंती’ नावाच्या त्रैमासिकाला पाठवलेला लेख एकोणीस पानांचा होता आणि त्यावर आलेलं उत्तर तेवीस पानांचं होतं. पोस्टमनने ते पाकीट द्वारकाबाईंच्या हातात देण्याआधी तळहातावर तोलून पाहिलं आणि हळूच म्हणाला, “वहिनी, कोर्टाचं दिसतंय. सरांना आधी चहा द्या.”

कोर्टाचं नव्हतं, पण चहाचा सल्ला चुकीचाही नव्हता. वरती संपादकांचं पत्र होतं: ‘आपला “जात्यावरच्या ओव्या : फुलंब्री परिसर” हा लेख आवडला. विशेषांकात घेत आहोत. मात्र संदर्भ सोबतच्या नियमावलीप्रमाणे करून महिनाअखेर पाठवावेत.’ खाली बावीस पानांची नियमावली, कोपऱ्यात टाचणीने अडकवलेली. पहिलं पान उलटताना ती टाचणी सरांच्या अंगठ्यात शिरली. त्याच वेळी शहाण्या माणसाने ओळखायला हवं होतं.

आता एक लेख छापून आला काय, न आला काय. कॉलेजात प्राचार्यांना तो वाचायचा नव्हता, विद्यार्थ्यांना परीक्षेला यायचा नव्हता आणि द्वारकाबाईंनी तो चार वर्षं जेवताना ऐकलेला होता. पण फुलंब्रीच्या अलीकडे वाडीवर एक बाई त्याची वाट पाहत होती. भागूबाई, सरांची आत्या. तरुणपणीच कुंकू पुसलं गेलं आणि माहेरी परत आली ती भावाच्याच ओसरीवर जात्याशी बसली. लेखातल्या अडतीस ओव्यांपैकी एकवीस तिच्या. देताना तिने एकच अट घातली होती.

“खाली माझं नाव पायजे, बद्री. मागं तुमच्या त्या गुरुजीनं शाळेच्या गॅदरिंगमधी माझी ओवी म्हनली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंग म्हनला, ही कुना अज्ञात बाईची. मी तिसऱ्या रांगंत बसले व्हते.”

सरांनी जात्यावर हात ठेवून शब्द दिला होता. देवावर ठेवला असता तर काही वाट निघाली असती. जात्यावर ठेवलेल्या हाताला वाट नसते.

तर नियमावली. नियम तिसरा सांगत होता की लेखकाचं आडनाव आधी आणि नाव नंतर लिहावं. पुण्यात माणूस आडनावानेच घरात शिरतो, नाव मागून चपला काढून येतं, तसं काहीसं. नियम सातवा, नावापुढे कंसात प्रकाशनाचं साल. नववा, प्रकाशनस्थळ आणि प्रकाशक. चौदावा, एका अवतरणाला एकच मूळ संदर्भ. बारावा मात्र जाड ठशात होता: ‘पृष्ठक्रमांकाविना एकही संदर्भ स्वीकारला जाणार नाही.’ अडतीसच्या अडतीस ओव्या जात्यावरून थेट सरांच्या वहीत उतरल्या होत्या. मधे कुठं पान लागलंच नव्हतं.

संध्याकाळी शेजारचे नानासाहेब आले. नानासाहेब तहसील कचेरीतून पेशकार म्हणून निवृत्त झालेले. नोकरीची सुरुवात निजामाच्या अमलात उर्दू दफ्तरावर, शेवट मराठी दफ्तरावर. मधे पोलीस ॲक्शन होऊन गेली तरी नानासाहेबांची फाईल बांधायची दोरी तीच राहिली. जगातली कुठलीही अडचण ही मुळात एक मिसल, म्हणजे फाईल, आहे आणि तिला क्रमांक पडला की ती सुटते, यावर त्यांची श्रद्धा होती.

“कागद मागतोय ना पुणेवाला?” नियमावली चाळून ते म्हणाले. “मग कागद द्यायचा. जबाब घ्या बायांचे. नमुना मी आखून देतो. अकरा रकाने. खाली अंगठा, आणि दोन पंच.”

“नाना, ओव्या आहेत हो. चोरी नाही.”

“चोरी नाही कशावरून? तेच तर सिद्ध करायचंय, सर.”

सरांना हे पटलं, यावरून त्यांची मनःस्थिती समजावी. रविवारी ते अकरा रकान्यांचं रजिस्टर, शाईचा पॅड आणि टाचणीचा अंगठा घेऊन एस.टी.त बसले.

ओसरीवर आत्या बाजरी दळत होती. वाडीत पिठाची गिरणी येऊन दहा वर्षं झाली होती, पण गिरणीतल्या बाजरीला भाकरी ओळखत नाही, असं आत्याचं मत. दगडाबाई आणि आवडाबाई, लेखातल्या उरलेल्या दोघी, जबाबासाठी धुतलेली लुगडी नेसून आल्या होत्या. बाहेर बाजेवर सरांचे वडील, दादा, म्हणजे सांडू तुपे, झोपले होते. दादा झोपलेले असणं ही वाडीतली नदीसारखी कायमची गोष्ट होती. नदी उन्हाळ्यात आटायची, एवढाच फरक.

“आडनाव काय लावू, आत्या? बोरसे?”

“बोरसे कसं? ओवी माहेरची, भावाची. तिला बोरश्याचं शेपूट लावलं की ती बी गेली सासरी.”

“मग तुपे?”

“तुपे माझं हाय का आता? लगीन लावलं तवा आडनाव ठिवून घेतलं तुमी लोकांनी.”

सरांनी पहिला रकाना पेन्सिलीने रिकामा ठेवला. पुढचा रकाना नवऱ्याच्या नावाचा. तो नियमावलीत नव्हता, पण नानासाहेबांना नवऱ्याशिवाय बाईचा जबाब अपुरा वाटत असे. तिघींनी तोंडाला पदर लावले. बराच आग्रह झाल्यावर आवडाबाईने चार ओळींचा उखाणा घेऊन त्यात नाव घेतलं. तो रकान्यात मावेना म्हणून समासातून वर चढला आणि पुढच्या पानावर उतरला.

“साल?”

“कशाचं?”

“ही मोटेच्या पाण्याची ओवी पहिल्यांदा कधी म्हटली?”

“पोलीस ॲक्शनच्या आदल्या वर्षी, उन्हाळ्यात. लाल गाय व्याली त्या साली.”

“लाल गाय दोन डाव व्याली,” दगडाबाई म्हणाली.

“पयल्या डावाची गोष्ट चाललीय, दगडे.”

सरांनी लिहिलं: १९४७ (अंदाजे, गाय).

“प्रकाशक. म्हणजे, ही बाहेर कुणी काढली?”

“म्या काढली. तोंड माझंच व्हतं ना?”

प्रकाशक: स्वतः. प्रकाशनस्थळ: ओसरी. राहिला बारावा नियम. सरांनी घाम पुसला. “आत्या, ही कितव्या पानावर... म्हणजे ओव्या काही एका क्रमानं येतात का?”

आत्याने त्यांच्याकडे जरा दयेने पाहिलं. “अरे येड्या, क्रमानंच येत्यात. पयली मूठ जात्यात टाकली की देवाची. दुसऱ्या, तिसऱ्या मुठीला मायबापाची. चवथीपासून भाऊ सुरू. बाराव्या मुठीला रडायचं. मंग सूप सरतं.”

सर रजिस्टरावर वाकले. एवढी वर्षं ते ज्याला विस्कळीत मौखिक परंपरा म्हणून फळ्यावर लिहीत होते, तिला मुठीमुठीचे आकडे होते. त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं: मूठ ४. मग मोटेची ओवी पुन्हा एकदा म्हणायला लावली, आणि आत्याने खुंटा ओढत म्हटली:

मोटेचं ग पाणी, पाटापाटानं खेळतं,
भाऊ माझ्या सांडूचं, शेत हिरवं डोलतं.

“ही तर माझी हाय,” दगडाबाई म्हणाली. आणि तिने तीच ओवी त्याच चालीत म्हटली, फक्त शेत सांडूचं न डोलता तिच्या रामकिसनाचं डोललं.

वाडीवर यात कुणाला काही वावगं वाटत नाही. ओवी सगळ्यांची, शेवटच्या ओळीत बाई आपल्या भावाचं नाव गुंफते, तेवढ्यापुरती ती तिची. कापड एकच, आपापलं नाव काढायचं. पण चौदावा नियम एका अवतरणाला एकच मूळ मागत होता आणि सरांनी, जन्माचा पश्चात्ताप व्हावा असा प्रश्न विचारला: “आधी कुणी म्हटली?”

त्यानंतर तासभर जे झालं ते अकरा रकान्यांत बसणारं नव्हतं. लाल गाय पुन्हा निघाली. दगडाबाईच्या लग्नातली एक कढई निघाली. “तुझ्या भावाकडं मोट तरी व्हती का?” असं आत्याने विचारलं आणि रामकिसनाकडे दोन मोटा असल्याचं दगडाबाईने शपथेवर सांगितलं. अखेर एका ओवीला दोघींची नावं द्यायचं ठरलं. पंच म्हणून दादांना उठवलं. त्यांनी डोळे न उघडता अंगठा पुढे केला, शाई लावून घेतली, उठवला आणि कुशीवर वळले. दुसऱ्या दिवशी उशीवर पंचनामा उमटलेला होता.

टंकलेखन शहरात, गुलमंडीवर. कापडाच्या दुकानाशेजारचा अरुंद जिना चढून गेलं की कमरोद्दीनभाईंचं टायपिंग क्लासचं दालन. त्यांच्या मराठी मशीनवर कंस उघडायची कळ शाबूत होती. बंद करायची तुटली होती. सालं तर सगळी कंसात. त्यामुळे कमरोद्दीनभाई प्रत्येक ओळीनंतर कागद काढत, उजवा कंस दौत-टाकाने काढत, फुंकर मारत आणि कागद परत चढवत.

“प्रोफेसर साब, ये ‘ओसरी, मूठ चार’ क्या है? कुछ पकाने का है?”

“संदर्भ आहे.”

“हौ, संदर्भ.” ते टाईप करू लागले आणि मोटेच्या ओवीपाशी बोटं थांबली. “अरे, असं तर माझी अम्मा पण गायची. चक्की पो बैठ के. माझ्या मामूंचं नाव घालून.” आणि चष्मा कपाळावर चढवून, खालच्या दुकानातल्या गिऱ्हाइकाने मान वर करावी इतक्या मोठ्याने त्यांनी म्हटलं:

चक्की फिरातूं मैं, दाने दाने पो नाम,
मेरे मजीद भाई का, मंडी में बड़ा काम.

“मंडीत काय काम होतं त्यांचं?” सरांनी विचारलं.

“कुछ भी नहीं. बसून राहायचे. पण बहीण आहे ना, ती तर म्हणणारच.”

सर हसले, चहा झाला, कागद पोस्टात पडले. घरी येऊन कार्बन प्रत वाचताना त्यांना एकोणचाळिसावा संदर्भ दिसला: ‘शमशादबी (साल याद नहीं). गुलमंडी : स्वतः. मूठ ४.’ कमरोद्दीनभाईंनी आईला वर्णानुक्रमात नीट बसवलं होतं. पंधराव्या नियमाप्रमाणे लेखात न आलेला संदर्भ सूचीत चालत नाही. सूचीतून शमशादबींना उठवायचं सरांच्या जिवावर आलं. त्यांनी लेखात एक परिच्छेद वाढवला आणि तो मागोमाग तातडीने रवाना केला. लेखातला सगळ्यात चांगला परिच्छेद तोच झाला, असं पुढे द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांच्यासाठी तो नवा होता, हेही खरं.

तीन आठवड्यांनी तपासायची मुद्रितं आली. सोबत सहायक संपादकांची टीप, फार सुंदर अक्षरातली:

‘आपल्या सूचीत लेखकांची आडनावे आढळली नाहीत. त्यामुळे कर्तृत्व आम्ही संहितेवरून निश्चित केले आहे. अभंगाप्रमाणेच या ओव्यांच्या अखेरच्या चरणात कवीची नाममुद्रा स्पष्ट दिसते. त्यानुसार एकवीस रचना कवी सांडू यांच्या, उरलेल्या रामकिसन व बद्री या कवींच्या असून एक मजीद यांची आहे. कवी सांडू यांच्या प्रतिभेने आम्ही भारावलो आहोत. प्रकाशनप्रसंगी ज्येष्ठ लोककवी म्हणून शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार करण्याचे योजिले आहे. निमंत्रण त्यांना स्वतंत्र पाठवले आहे.’

सरांनी सूची पाहिली. भागूबाई नव्हती. दगडाबाई नव्हती. आवडाबाईचा भाऊ योगायोगाने बद्री नावाचा, त्यामुळे ती होती ती सरांच्याच नावाने होती. कमरोद्दीनभाईंच्या अम्मांच्या जागी, आयुष्यभर मंडीत बसून राहिलेले मजीद मामू बसले होते.

सर तसेच एस.टी. स्टँडवर गेले. पण निमंत्रण त्यांच्याआधी पोहोचलं होतं, आणि वाडीचा पोस्टमन पत्रं पारावर मोठ्याने वाचणारा.

दादा जागे होते. हे पाहूनच सरांनी काय ते ओळखलं. दाढी केलेली, स्वच्छ पटका, बाजेवर ताठ बसलेले, आणि समोर दोन माणसं त्यांच्याकडे नुसती बघत बसलेली. “ये,” दादा म्हणाले. “पुन्याला कवा निघायचं?”

आत ओसरीवर जातं बंद होतं. आत्या त्याच्याशी पाठ टेकून बसली होती.

“कवी बाहेर बसल्येत,” ती म्हणाली. “काय ईचारायचं ते त्यांला ईचार. साल, मूठ.”

“आत्या, चूक झाली त्यांची. शेवटी भावाचं नाव असतं ना, त्यांना वाटलं तोच...”

“भावाचं नाव मी घालते, बद्री. माझ्या मर्जीनं घालते. त्याला हौस म्हनून न्हाय, मला भाऊ हाय म्हनून.” तिने पदराने जात्यावरचं नसलेलं पीठ पुसलं. “कागदवाल्यानं माझं काढलं अन् त्याचं घातलं, ते कुनाच्या मर्जीनं?”

सरांनी बावीस पानं मनात चाळली.

“गॅदरिंगला तिसऱ्या रांगंत तरी व्हते,” आत्या म्हणाली. “आता रांगंतच न्हाय.”

सर अंगणात येऊन उभे राहिले. अपमान, पश्चात्ताप आणि दुपारचं ऊन एकदम लागलं की माणसाला कधी कधी सुचतं. त्यांना नियम एकोणिसावा आठवला: ‘कर्तृत्वाबाबत मतभेद असल्यास संबंधित लेखकाचे लेखी निवेदन अंतिम मानले जाईल.’ संबंधित लेखक बाजेवर बसून शालीचा रंग कोणता असेल यावर समोरच्यांचं मत घेत होता.

“दादा,” सर म्हणाले, “तुम्हाला लिहून द्यावं लागेल की ओव्या तुमच्या नाहीत.”

“कामून? नाव माझं हाय की त्यात.” चार दिवसांच्या कवीला असा राजीनामा मागितल्यावर जे वाटावं तेच दादांना वाटलेलं दिसत होतं. “एकवीस डाव हाय.”

तोवर आत्या उंबऱ्यात आली होती.

“सांडू,” ती म्हणाली, “एक म्हन.”

दादांनी घसा साफ केला. पटका सारखा केला. समोरची दोन माणसं सावरून बसली. दादांनी “मोटंचं” एवढं म्हटलं आणि थांबले. मोटेचं पाणी तिथंच तुंबलं.

“मला कुठं येती,” पटक्याचा शेव चाळत ते म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता. “तू दळायची तवा मी झोपेत असायचो. बाजूलाच, वाकळंत. तुझ्या आवाजानंच झोप लागायची मला. तू थांबली की जाग यायची.”

सरांनी खिशातून पेन्सिल काढली आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. आयुष्यात इतका नेमका संदर्भ त्यांना दुसरा मिळाला नव्हता.

निवेदन कमरोद्दीनभाईंनी टाईप केलं, आणि मजीद मामूही तिथंच शेजारी झोपत असावेत अशी पुरवणी स्वखुशीने जोडली. दादांना सही येत होती, तरी नानासाहेबांनी अंगठाच घ्यायला लावला. सही नाकारता येते, अंगठा नाकारता येत नाही, म्हणाले. सर्व कागद क्रमांक टाकून, निजामाच्या काळातल्या दोरीने बांधून, रजिस्टर पोस्टाने पुण्याला गेले. तिकडे ती गाठ कुणालाच सुटली नाही आणि शेवटी कात्री आणावी लागली, असं नंतर कळलं.

अंक आला तो सरांनी न फोडता वाडीवर नेला. तिघी ओसरीवर बसल्या होत्या, पुन्हा धुतलेल्या लुगड्यांत. सरांनी सूची उघडली आणि आत्याचं बोट धरून ओळीवर ठेवलं. पुण्याने हात टेकले होते. आडनावाचा हट्ट सोडला होता.

“भागूबाई, सांडूची बहीण,” सरांनी वाचलं. “एकोणीसशे सत्तेचाळीस, अंदाजे. ओसरी. प्रकाशक स्वतः. मूठ चार.” फक्त गाय काढली होती.

आत्याने ते बोट एकवीस वेळा फिरवून घेतलं. एकदाही थांबली नाही, मधे एकदा नाक ओढलं तेवढंच. मग दगडाबाई, रामकिसनाची बहीण. मग आवडाबाई. मग शमशादबी, मजीदची बहीण. “ही कोन?” आत्याने विचारलं. “गुलमंडीची आहे,” सर म्हणाले. “तुमच्यातलीच.” आत्याने तिच्या ओळीवरूनही बोट फिरवलं.

“मी कुठंय?” बाजेवरून दादांनी विचारलं.

“पहिल्याच पानावर, दादा. खाली, तळटिपेत.”

“काय म्हनत्यात?”

“बहीण दळत असताना तुम्ही झोपला होतात, म्हणतात.”

दादांनी विचार केला. “बरोबर हाय,” ते म्हणाले आणि आडवे झाले.

आत्याने अंक मांडीखाली सरकवला, सुपातली मूठभर बाजरी जात्यात टाकली आणि खुंटा धरला. दोन फेरे नुसतेच झाले. मग तिने म्हटली. सरांच्या वहीत ती नव्हती, दगडाबाईलाही ठाऊक नव्हती:

पुन्याच्या ग छापखान्यात, भागूचं उमटलं नाव,
भाऊ माझा सांडू, त्याला झोपंची लई हाव.

आवडाबाई हसून हसून दगडाबाईच्या अंगावर पडली. बाजेवर घोरणं सुरू झालं होतं. सरांनी गडबडीने वही काढली, पेन्सिलीला टोक आहे का ते पाहिलं.

“साल काय टाकू, आत्या?”

“आजचं टाक.”

“मूठ?”

“पयलीच की.” तिने जात्याच्या कडेचं पीठ चिमटीत घेऊन त्यांच्या वहीच्या कोऱ्या पानावर ठेवलं. “हात लावून बघ. गरम हाय अजून.”